सिनेमावाल्या काकूंनी न पाहिलेला सिनेमा

गल्लीत त्यांना सगळे सिनेमावाल्या काकू म्हणतात. लग्न होऊन आल्यावर वर्षभरातच सिनेमावाल्या वहिनी झाल्या, मग बरीच वर्षं काकू, आणि आता शेजारची शेंबडी पोरं सिनेमावाली आजी म्हणून हाका मारतात. नाव वयाबरोबर वाढत गेलं, सिनेमा काही सुटला नाही. आणि या बाईंनी लग्न झाल्यापासून एकदाही सिनेमागृहाची पायरी चढलेली नाही. कुणी तिकीट काढून आणलं तर त्यांचं डोकं दुखतं, फुकटचा पास आला तर गुडघा. टीव्हीवर सिनेमा लागला की त्या उठून ओटा पुसायला जातात. लोकांना वाटतं, एकदा झाली तेवढी शोभा पुरे म्हणून बाईंनी कानाला खडा लावला. लोकांना काय, काहीही वाटतं.

काकूंचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि आतल्या खोलीतून गच्चीवर जाणारा अरुंद जिना. जिन्याच्या तोंडाशी दार, दाराला खोलीच्या बाजूने कडी. गच्चीवर जायला दुसरी वाट नाही. घराची ही रचना नीट ध्यानात ठेवावी, कारण काकूंचं सगळं आयुष्य त्या एका कडीला लटकलेलं आहे.

त्या शनिवारी सकाळी पेपर आला तेव्हा काकू चहा गाळत होत्या. पेपर आधी काकांनी वाचायचा हा या घरातला जुना नियम. काका चपलांच्या दुकानात विक्रेते होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांशी बसले, त्यामुळे घरी आलं की कुणीतरी आपल्या पायाशी बसावं अशी त्यांची इच्छा असायची. आता दुकान सुटलं आहे, गुडघे गेले आहेत, आवाज मात्र शाबूत आहे.

"अगं, बघ! आलो आपण!" ते ओरडले.

"कुठे आलो?"

"पेपरात! पुन्हा!"

काकूंनी उरलेला चहा गाळून घेतला. त्यांनी फडकं घेतलं, ओटा पुसला, मग बाहेर आल्या. काय आलं असेल ते त्यांना तिथेच कळलं होतं.

त्या पेपरात दर शनिवारी 'रद्दीतलं हसू' नावाचं एक सदर येतं. तिशीतली एक बाई ते लिहिते. चाळीस वर्षांपूर्वीचा त्याच तारखेचा अंक काढायचा, चार-दोन बातम्या वेचायच्या आणि त्यांची टिंगल करायची, असं ते काम. मेलेल्यांची टिंगल करायला काही हरकत नसते, मेलेले पत्र पाठवत नाहीत. पण चाळीस वर्षं म्हणजे अर्धवट काळ. त्यातले निम्मे लोक अजून चहा गाळत असतात.

काकांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी कारंज्याची बातमी होती. चौकातल्या नव्या कारंज्याचं मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं, पण कारंज्याला नळच जोडला नव्हता, म्हणून आगीच्या बंबाने हौद भरून दिला आणि मंत्र्यांनी कळ दाबल्यावर बंबवाल्यांनी मागून पंप मारला. मग हरवलेल्या पोपटाची जाहिरात: 'बोलतो, पण उलट बोलत नाही.' मग एक केसांचं तेल, ज्याच्या जाहिरातीतल्या गृहस्थांना टोपी घातलेली होती. आणि मग आपली ती बातमी. चौकटीत. 'बायको सिनेमात, नवरा गच्चीत.'

"'शहरातील एका तरुण गृहिणीने,'" काका वाचू लागले, आणि चष्म्यावरून काकूंकडे बघून हसले, "'शहरातील एका तरुण गृहिणीने पतिराजांना गच्चीवर कोंडून, घराला कुलूप ठोकून दुपारच्या खेळाचा आनंद लुटला. उघड्या अंगाने उन्हात तळपणाऱ्या पतिराजांची अग्निशमन दलाने शिडी लावून सुटका केली.' ऐकतेस ना? आता खाली या बाईने काय लिहिलंय बघ. 'वहिनी, आज तुम्ही आजी झाला असाल. जिथे असाल तिथून एवढंच कळवा: सिनेमा होता तरी कोणता?'"

काकांना इतकं हसू आलं की खोकला लागला. काकूंनी पाणी आणून दिलं. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. काका हसतात, काकू पाणी देतात.

अकराच्या सुमारास लेकीचा फोन. लेक दुसऱ्या गावी असते, बँकेत अधिकारी आहे.

"आई, तू काय भारी होतीस गं! माझ्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. एकजण तर म्हणाली, अशी सासू पाहिजे."

"मी सिनेमाला गेले नव्हते."

"हो, हो, माहितीय. कसली तरी परीक्षा होती ना?"

"कसली तरी नाही. ट्रेसरची."

"तेच ते. पण आई, सिनेमा जास्त मजेदार आहे ना! असू दे की."

असू दे. हाच तर सगळा घोटाळा आहे. काकूंनी खरं काय ते कुणाला सांगितलं नव्हतं असं मुळीच नाही. आल्यागेल्याला सांगून झालं, नणंदांना सांगून झालं, लेकीला तर ती शाळेत असल्यापासून सांगून झालं. लोक ऐकतात, मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतात: काय काकू, सिनेमा कोणता होता? खऱ्या गोष्टीत हसायला काही नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाही. खोटी गोष्ट हसत हसत घरोघर जेवून येते.

तर खरी गोष्ट. काकू लग्नाआधी ड्रॉइंग शिकलेल्या होत्या. चित्रं नव्हे, नकाशे. वडिलांनी त्यांना ड्रॉइंगची पेटी घेऊन दिली होती, आतून निळी मखमल लावलेली. त्यात कंपास, मोजायचे काटे आणि दोन पात्यांचं एक पेन. त्या दोन पात्यांमध्ये शाई भरायची आणि बाजूचा बारीक स्क्रू फिरवून रेघ हवी तेवढी जाड किंवा केसासारखी बारीक करायची. पाणीपुरवठा खात्यात ट्रेसरच्या जागा निघाल्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा टेबलावर ठेवायचा, वर निळसर मेणकापड ताणून बसवायचं, खडूची भुकटी चोळून त्याचा तेलकटपणा काढायचा आणि खालची रेघन् रेघ काळ्या शाईत उतरवायची. पेन थबकलं तर गाठ येते, हात घाईला आला तर रेघ तुटते, आणि थेंब पडला की सगळं कापड वाया. काकूंच्या हातून थेंब पडत नसे. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. गर्व करण्यासारखी दुसरी गोष्ट त्यांना पुढे मिळाली नाही, म्हणून तो तेवढाच राहिला.

बघायला आले तेव्हा काका म्हणाले होते, नोकरीला आपली काही हरकत नाही. बघायला येतात तेव्हा कुणाचीच कशाला हरकत नसते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हरकत उगवली.

"माझ्या दुकानातले काय म्हणतील? याला बायको पोसवत नाही?"

"तुमच्या दुकानातल्यांना मी चपला विकायला येत नाहीये."

"उलट बोलू नकोस. जायचं नाही म्हणजे नाही."

सकाळी उठून बघतात तर ड्रॉइंगची पेटी जागेवर नाही. घर सगळं पालथं घातलं. काकांची त्या दिवशी सुट्टी. ते अंगाला तेल चोळून, टॉवेल गुंडाळून गच्चीवर ऊन खात बसले होते. रोज जो माणूस उन्हाच्या नावाने बोटं मोडतो तो आज उन्हात काय करतोय, असं काकूंच्या मनात आलं आणि त्या धुण्याची बादली घेऊन वर गेल्या. पाण्याच्या टाकीला पाठ टेकून काका पेंगत होते. टाकीच्या मागे पेटी. काकूंनी आपली एकेक साडी वाळत घातली, बादली रिकामी झाली, रिकाम्या बादलीत पेटी ठेवली, वर ओला टॉवेल टाकला आणि खाली आल्या. जिन्याचं दार ओढलं. हात कडीपाशी गेला.

काका जागे झाले असते तर पाठोपाठ आले असते, पेटी ओढून घेतली असती, आणि परीक्षेची वेळ टळून गेली असती. काकूंनी कडी घातली. बाहेर येऊन घराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गेल्या.

पुढचं काकांच्या तोंडून ऐकण्यासारखं असतं, त्यांनी ते शेकडो लोकांना ऐकवलेलं आहे. ते जागे झाले, दार बडवलं, मग कठड्याशी येऊन आरडाओरडा सुरू केला. गल्ली गोळा झाली. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने कुलूप तोडू का म्हणून विचारलं, तर काका वरून म्हणाले, "खबरदार! कुलूप नवीन आहे!" मग कुणीतरी बंब बोलावला. बंब कारंज्यात पाणी भरत होता. मंत्र्यांचं भाषण लांबलं. तोपर्यंत काका टाकीच्या सावलीबरोबर सरकत सरकत टाकीला फेरी घालून आले. शेवटी बंब आला आणि बंबावर बसून कारंज्याची बातमी घ्यायला आलेला बातमीदारही आला. शिडी लागली. काका उतरू लागले तेव्हा वारा सुटला होता आणि अंगावर तो एकच टॉवेल होता. या जागी काका दोन्ही हातांनी टॉवेल धरून शिडी कशी उतरायची ते करून दाखवतात. बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळते.

त्याच वेळी काकू पाणीपुरवठा खात्याच्या मोठ्या हॉलमध्ये उंच स्टुलावर बसून रेघा ओढत होत्या. त्यांना उतरवायला दिलेला नकाशा चौकातल्या कारंज्याच्या नळाचाच होता. तो नळ पुढे कधी घातलाच नाही, ती वेगळी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. माणसांची नावं नव्हती, पण गल्लीचं होतं, तेवढं पुरलं. आणि दोन दिवसांनी मुलाखत.

मुलाखतीला टेबलामागे तीन साहेब. समोर परीक्षेची कापडं रचून ठेवलेली, सगळ्यात वर काकूंचं. त्यांनी आपली अक्षरं लांबूनच ओळखली. मोठ्या साहेबांनी अर्ज बघितला, पत्ता वाचला, काकूंकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"काय मग? सिनेमा कसा होता?"

"साहेब, त्या वेळी मी इथेच होते. ते वरचं कापड माझंच आहे."

"ते खरं हो. पण मिस्टर कुठे होते?"

तिघेही हसले. दुसरे साहेब म्हणाले, "बाई, आमच्या ऑफिसलाही गच्ची आहे बरं का!" पुन्हा हसले. आणि काकू, ज्यांना वाटलं की साहेब लोक हसताहेत म्हणजे खूश आहेत, त्याही हसल्या. ते हसणं त्यांना अजून टोचतं. शहरातल्या सगळ्या माणसांमध्ये ही तीनच माणसं अशी होती की ज्यांना काकू सिनेमाला नव्हत्या हे पक्कं ठाऊक होतं. आणि ती तीनच माणसं सिनेमावरून हसत होती.

"आधी घर सांभाळा," मोठे साहेब उठता उठता म्हणाले. "हात छान आहे तुमचा."

नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच. काकू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. रविवारी काकांनी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं आणली. "चल, आता खरंच बघू. फिटंफाट!" ते म्हणाले. त्यांना ती मोठी दिलदारी वाटली होती. काकू गेल्या नाहीत. काका शिंप्याला घेऊन गेले. सिनेमा बरा होता म्हणे.

दोन पात्यांचं पेन काही वाया गेलं नाही. गल्लीतल्या बायका रुमाल आणि टेबलक्लॉथ घेऊन यायच्या, काकू त्यांवर भरतकामासाठी फुलं आणि पोपट उतरवून द्यायच्या. मग कॉलेजातली मुलं यायला लागली. त्यांच्या जर्नलमधल्या आकृत्या काकू काढायच्या. या शहरातल्या अर्ध्या डॉक्टरांच्या बेडकांची आतडी काकूंनी काढलेली आहेत. आज तेच डॉक्टर काकांचा गुडघा दाबून विचारतात, "इथे दुखतं? आणि काकू, सिनेमा कोणता होता तो?"

काकूंना या सगळ्यात राग होता तो एका माणसावर: बातमीदारावर. काकांनी पेटी लपवली, ती चूक होती, पण नवरे असं काहीबाही करतात असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. साहेब हसले, साहेब हसतातच. पण सिनेमा? सिनेमा कुठून आणला त्या मेल्याने? स्वतःच्या मनाने रचला, बातमीला फोडणी म्हणून. दोन शब्दांचा तर खेळ होता. 'परीक्षेला गेली' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं? काही वर्षांपूर्वी तो बातमीदार गेला तेव्हा पेपरात त्याचा मोठा फोटो आला होता, 'सत्याचा उपासक' म्हणून. काकूंनी त्या पानात भाजीचे देठ गुंडाळून टाकून दिले.

सोमवारी पेपरातल्या त्या बाईचा फोन आला. बातमी वाचून लोकांचे फोनवर फोन आले म्हणे, गल्लीतल्या कुणीतरी पत्ता कळवला, आणि आता तिला दोघांचा गच्चीवर फोटो हवा होता आणि चार ओळी. काकांनी स्पीकरवरच होकार दिला. काकूंच्या डोक्यात मात्र एक ओळ तयार झाली होती. ती छापून यायला हवी होती, बस्स. 'त्या सिनेमाला गेल्या नव्हत्या, ट्रेसरच्या परीक्षेला गेल्या होत्या.' चाळीस वर्षांनी का होईना, त्याच पेपरात, तसल्याच काळ्या शाईत. पेपरात आलं की लोक मानतात. पेपरात आलं होतं म्हणून तर मानलं होतं.

ती आली. चटपटीत होती, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, बिस्किटाला नाही म्हणाली नाही. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना रंग लावला होता. कानाच्या पाळीलाही थोडा लागला होता. त्यांनी सगळा खेळ केला: टाकी, सावली, शिंपी, कुलूप. गुडघे गेल्यामुळे शिडीचा भाग खुर्चीत बसून केला. ती हसत होती, लिहून घेत होती.

"आणि काकू, आता तुम्ही सांगा. कोणता सिनेमा?"

"मी सिनेमाला गेले नव्हते," काकू म्हणाल्या. ही वेळ येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच शब्द लावून ठेवले होते. त्यांनी पेटीपासून साहेबांपर्यंत सगळं सांगितलं, कुठे न अडखळता, थेंब न पडू देता. आतून ती पेटीही आणून दाखवली. मखमल झडली होती. त्या बाईचं पेन थांबलं. तिचा चेहरा बदलला. काकूंना वाटलं, पोहोचलं.

"पण मग काकू, सिनेमा आला कुठून बातमीत?"

"तुमच्या माणसाने घातला. स्वतःच्या पदरचा. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण मी त्याला चाळीस वर्षं शिव्या दिल्यात. रोज नाही, पण एक दिवसाआड तरी."

काका खुर्चीत चुळबुळले. बराच वेळ त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि ते त्यांना सोसत नसे.

"अगं, त्या बिचाऱ्याला कशाला?" ते म्हणाले. "त्याने नाही काही. मीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" काकू म्हणाल्या.

"हेच, सिनेमा. म्हणजे बघ, मी शिडीवर. खाली सगळी गल्ली. टॉवेल असा. आणि तो खालून विचारतोय, बायको कुठे गेली? काय सांगू? नोकरीच्या परीक्षेला? लोक काय म्हणाले असते? सिनेमाला म्हटलं. सिनेमाला म्हटलं की लोक हसतात, हसून घरी जातात. तुझीच अब्रू राखली मी!"

"माझी?"

"मग! नवऱ्याला कोंडून नोकरीला गेली म्हणजे बाई हाताबाहेर गेली. सिनेमाला गेली म्हणजे अल्लड. मी तुला अल्लड ठरवलं. तेवढ्या घाईत एवढं सुचलं, कमाल आहे माझी!" आणि त्यांनी दाद मिळेल या आशेने पाहुणीकडे बघितलं. पाहुणीने दाद दिली. तिला हसूच आवरेना. पोरगी वाईट नव्हती, पण हसू आलं की माणूस कुणाचा राहत नाही.

"तिकिटं आणलीत तेव्हा तरी सांगायचं," काकू म्हणाल्या.

"तेव्हा तू बोलत कुठे होतीस माझ्याशी?"

"नंतर?"

"नंतर काय, राहून गेलं. आणि तुझा राग त्याच्यावर निघत होता, मला काय अडचण होती?"

हे मात्र काका खरं बोलले. इतकं खरं त्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. काकूंनी पेटीचं झाकण लावलं. फोटोसाठी गच्चीवर जायला त्यांनी नकार दिला नाही. काकांना मात्र जिना चढवेना, म्हणून फोटो जिन्याच्या दारात काढला. काका कडीवर बोट ठेवून हसताहेत, काकू कॅमेऱ्याकडे बघताहेत.

निघताना ती बाई काकूंचा हात हातात घेऊन म्हणाली, "काकू, तुमचं नक्की येईल. शब्द माझा."

"एकच ओळ पाहिजे," काकू म्हणाल्या. "जास्त नको."

पुढच्या शनिवारी पेपर आला तेव्हा काकूंनी तो आधी घेतला. काकांनी डोळे मोठे केले, काकूंनी बघितलं नाही. अर्धं पान होतं. वर फोटो, आणि मोठ्या अक्षरांत: 'सिनेमा दाखवला काकांनी!' खाली काकांचा हजरजबाबीपणा, शिडी, वारा, टॉवेल, 'मी तिला अल्लड ठरवलं' हे वाक्य ठळक अक्षरात. शेवटून दुसऱ्या ओळीत, कंसात, काकू. '(काकू म्हणे त्या दिवशी कसल्याशा परीक्षेला गेल्या होत्या. पण चाळीस वर्षांनी बायकोचं कोण ऐकतं?)'

तिने काहीतरी लिहिलं असेलही जास्त. वरच्या साहेबांनी कापलं असेल. साहेब तिथेही असणारच.

काकूंनी पेपर घडी करून काकांच्या मांडीवर ठेवला. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, केस विंचरले, पर्स घेतली.

"कुठे?" काकांनी विचारलं.

"सिनेमाला."

काका आधी हसले. मग त्यांना कळलं की काकू हसत नाहीत. त्यांची नजर जिन्याच्या दाराकडे गेली, मग बाहेरच्या दाराकडे. त्यांनी वॉकर जवळ ओढला.

"कुलूप नको हां लावूस. मला एकट्याला काही झालं तर..."

"नाही लावत," काकू चप्पल घालताना म्हणाल्या. "तेव्हा मला वेळेवर पोहोचायचं होतं. आता कशाला लावू?"

त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं.

सिनेमागृह बदललेलं होतं. आता एकाच इमारतीत पाच-सहा सिनेमे चालतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण खिडकीशी उभं राहिल्यावर वरच्या पाटीवर नावं पळत होती आणि एकही डोळ्यात ठरत नव्हतं. काचेमागच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "कोणता सिनेमा?"

हा प्रश्न काकूंना नणंदांनी विचारला होता, साहेबांनी, डॉक्टरांनी, लेकीच्या सासरच्यांनी. आज पहिल्यांदा कुणाला तरी त्याचं उत्तर खरंच हवं होतं, आणि काकूंकडे ते नव्हतं.

"आजी, लवकर सांगा, मागे लाइन आहे. कोणता?"

"त्यातल्या त्यात लांबलचक असेल तो द्या," काकू म्हणाल्या.